लाल स्टिकर

सिडकोत सकाळचे पावणेसात.
नळाचं पाणी बोटांना चावतंय
आणि कित्ती उघड्या अंगाने गॅलरीत,
एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात तिचा गमबूट,
नाशिकच्या डिसेंबरला सांगतेय, "नाई."

नाव कृत्तिका. पण शेजारच्या खैरनार मावशी
पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "कित्ती रडते गं ही!"
तेच चिकटलं.
आता अडीच वर्षांची आहे. रडणं कमी झालंय.
आता ती वाटाघाटी करते.

आजचं भांडण केळ्याचं.
मी ते मोडून दिलं, हा माझा गुन्हा.
"जोल."
बाळा, मोडलेलं केळं जोडता येत नाही.
"जोल!"
दुसरं देतो, हे बघ, अख्खं.
दुसरं नको. हेच हवं, आणि अख्खं हवं.
मग फरशीवर आडवी, पाठीची कमान,
आणि असा सूर की खालच्या बागुलांचा कुकरसुद्धा
शिट्टी द्यायची विसरला.
हर्षला भाकरी उलटताना मागे न बघता म्हणाली,
"तूच मोडलंस ना? मग निस्तर."
मी दोन टूथपिक घेऊन बसलो.

मी अंबडला क्वालिटीत आहे, नऊ वर्षं.
पिना तपासतो. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक
मायक्रोमीटरच्या आधी माझ्या अंगठ्याला कळतो.
दिवसभर तेच,
हो. हो. नाही. हो.
माझ्या 'नाही'वर अख्खा लॉट परत जातो,
प्रॉडक्शनवाले गयावया करतात, मी ऐकत नाही.
आणि इथे
जोडलेलं केळं दोन्ही तळव्यांवर धरून उभा आहे
नवस फेडायला आल्यासारखा.
ती डोळे बारीक करून जोडाकडे बघते.
फट दिसते तिला.
दिसणारच. माझीच मुलगी.
"नाई."

त्या संध्याकाळी संपत आलेली स्टिकरांची दोन रिळं घरी आणली.
हिरवा पास झालेल्या मालाला, लाल नाकारलेल्याला.
हिरव्याला तिने हातही लावला नाही.
लाल मात्र फ्रीजला लागला, सिलिंडरला लागला,
आईच्या हेल्मेटला, घराच्या हप्त्यांच्या फायलीला,
देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला (पाठीवर, तेवढी अक्कल आहे),
आणि खैरनार मावशींच्या पैठणीला,
ज्या तशाच जाऊन आल्या
गंगापूर रोडला, भाचीच्या साखरपुड्याला.
हर्षला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.
मग पदराने डोळे पुसत म्हणाली,
"मला कुणी असं रीळ दिलं असतं ना,
दोन-तीन ठिकाणी तरी लावलं असतं."
कुठे, ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.
पण कित्ती तेवढ्यात कुंडीतली माती खात होती.

मग रात्रपाळीचा आठवडा आला.
दुपारी उठलो, तोंडही न धुता पिशवी घेतली.
डेअरीवाला सुट्टे देताना अडखळला.
रिक्षावाल्याने हॉर्न न वाजवता जाऊ दिलं, जे आजवर घडलेलं नाही.
पवननगरच्या बाजारात मेथीवाली बाई म्हणाली,
"दादा, कपाळाला काय लावलंय?"

हात लावून बघितला.
बरोबर मधोमध. चारही कोपरे दाबून बसवलेले,
इवल्या अंगठ्याने, मी झोपेत असताना.
जराही तिरका नाही.
माझ्या लाईनवरची पोरंही इतकं नीट लावत नाहीत.

बाईने मान वाकडी करून एकेक अक्षर लावलं,
"रि... जे... क्ट."

"लाल रंग आवडतो तिला," मी म्हणालो,
"वाचता येत नाही अजून."

काढला नाही.
मेथीच्या दोन जुड्या घेतल्या
आणि डझनभर केळी,
अख्खी.